सर्व्हिसिंगनंतर बोटीच्या मशीनचा कार्बोरेटर पुन्हा पुन्हा ओव्हरफ्लो होत असेल तर

मे महिन्याच्या मध्यावर आमच्या गावच्या बोटीचं मशीन मी पूर्ण खोललं. २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एकच कार्बोरेटर. कृष्णाकाठी असं मशीन कशासाठी लागतं, हे २०१९ नंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराच्या धारेत माणसं भरलेली बोट असताना मशीन बंद पडलं तर वल्ही पुरत नाहीत. म्हणून जून लागायच्या आत ते दोनदा दोरी ओढली की सुरू झालं पाहिजे आणि हळू चालीवरही टिकलं पाहिजे, एवढा हट्ट मी धरतो.

माझं गॅरेज मोटारसायकली आणि शेतीपंपाच्या इंजिनांचं. कार्बोरेटर आयुष्यभर खोलत आलो. त्यामुळे किट आणलं, जुनं पॅकिंग काढलं, जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) धुतले, नवी नीडल टाकली, संध्याकाळी घाटावर मशीन लावलं. पेट्रोल चढवायचा नळीवरचा रबरी फुगा दाबला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल भळभळ बाहेर आलं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरला. पुढचे पंधरा दिवस हेच चाललं: खोला, साफ करा, लावा, दोन दिवस बरं, परत पेट्रोल. आमचे नावाडी मामा रोज विचारायचे, "आरं, काल तर झकास चालली की!" त्या ‘काल’मध्येच उत्तर होतं, पण मला ते उशिरा दिसलं. ज्यांचं मशीन सर्व्हिसिंगनंतर असंच त्रास देतंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

आधी आत काय चालतं ते डोळ्यासमोर आणा. घरावरच्या पाण्याच्या टाकीत फुग्याचा कॉक असतो. पाणी चढलं की फुगा वर येतो आणि कॉक बंद करतो. कार्बोरेटरच्या वाटीत तेच असतं: फ्लोट वर आला की त्याची जीभ नीडलला वर ढकलते, नीडल पितळी सीटमध्ये बसते, पेट्रोल थांबतं. ओव्हरफ्लो म्हणजे हे थांबणं होत नाही. त्याला कारणं तीनच प्रकारची असू शकतात. नीडल सीटवर बसत नाही, किंवा फ्लोट तिला पुरेशी ढकलत नाही, किंवा मागून येणारा दाब तिच्या ताकदीबाहेरचा आहे. यातलं तिसरं मी सुरुवातीला विचारातच घेतलं नाही, कारण मोटारसायकलवर ते कारण सहसा येतच नाही.

मोटारसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वर असते. फूट-दीड फुटावरून खाली येणाऱ्या पेट्रोलचा दाब अर्धा पीएसआयही (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) भरत नाही. बोटीची टाकी तळाशी ठेवलेली, मशीन मागच्या फळीवर. पेट्रोल वर चढवायला आधी हाताचा फुगा आणि नंतर इंजिनावरचा डायफ्राम (पातळ पडद्याचा) पंप. हा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या, दाबाच्या ठोक्यांवर चालतो आणि साधारण ३ ते ७ पीएसआय देतो. फुगा जोरात दाबला तर त्याहून जास्त. म्हणजे दुचाकीवर ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिलेली नीडल इथे दहापट दाबासमोर उभी असते. सीटवर केसाएवढी चीर असली तर दुचाकीवर नुसता वास येतो, इथे धार लागते.

खोलायच्या आधी पाच मिनिटं नुसतं पाहा. मशीन बंद, चोक आत, फुगा कडक होईपर्यंत हळू दाबा आणि कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा. मशीन बंद असतानाच पेट्रोल येत असेल तर गोष्ट नीडल, सीट, फ्लोट किंवा दाबाची आहे. बंद असताना एक थेंबही नाही, पण चालू केल्यावर प्लग ओले होतात, धूर येतो, मशीन गुदमरतं, तर नीडलच्या मागे लागू नका. तेव्हा चोकची पट्टी पूर्ण उघडते का, हवेचा जेट तुंबलाय का, आणि पंपाचा डायफ्राम फाटलाय का, हे बघायचं. डायफ्राम फाटला की पेट्रोल कार्बोरेटरला वळसा घालून ठोक्याच्या भोकातून सरळ क्रँककेसमध्ये जातं. दिसायला सगळं ओव्हरफ्लोसारखंच. पंप काढून त्या भोकात कापसाची वात फिरवा. तिथे दाबाची हवा असते, पेट्रोल नसावं. वात पेट्रोलने भिजून आली तर डायफ्राम गेला. ज्या मशीनमध्ये पंप कार्बोरेटरच्या अंगावरच असतो तिथे सर्व्हिसिंग करताना पॅकिंग आणि डायफ्राम यांचा क्रम उलटा बसण्याची चूक फार होते. खोलताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नंतर वाद राहत नाही.

आणखी एक खूण. हळू चालीवर बंद पडतं, पण पूर्ण एक्सलेटरला सुसाट पळतं, तर ओव्हरफ्लोचा संशय पक्का धरा. पूर्ण वेगात इंजिन गळणारं पेट्रोलही पिऊन टाकतं, हळू चालीवर तेच जास्त होतं. याच्या उलट, पूर्ण वेगात दम सोडत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, आणि ते दुखणं वेगळं.

आता माझ्याकडे काय झालं ते.

पहिल्यांदा खोललं तेव्हा नीडलच्या काळ्या रबरी टोकावर तिळाच्या दाण्याहून बारीक काळा कण दिसला. पुसला, सीटमध्ये स्वच्छ पेट्रोलने धार मारली, लावलं, चाललं. समाधान झालं. दोन दिवसांनी परत तेच, परत काळा कण. मला वाटलं, वाटीत कुठेतरी जुनी घाण राहिली असेल. कार्बोरेटर पूर्ण उतरवून पुन्हा धुतला. त्यात एकही कण राहिला नव्हता, हे आज मी खात्रीने सांगू शकतो. तरी तिसऱ्यांदा तेच.

इथे मी जी चूक केली ती बहुतेक जण करतात, म्हणून थांबून सांगतो. मी फ्लोटची जीभ वाकवली. म्हटलं, पातळी थोडी खाली आणू, म्हणजे वाहणार नाही. फ्लोट हा तरफेसारखा असतो. जिभेपाशी नखाएवढं वाकवलं तर दुसऱ्या टोकाला फ्लोटची उंची कितीतरी जास्त बदलते. झालं असं, की वाटीत पेट्रोल कमी साठायला लागलं आणि आमणापूरच्या बाजूला धारेविरुद्ध पूर्ण वेगात नेल्यावर मशीन दम सोडायला लागलं. आणि बांधून ठेवल्यावर ओव्हरफ्लो होताच. नीडलखाली कण असेल तर पातळी कितीही खाली ठेवा, पेट्रोल चढत राहणारच, फक्त वाटी भरायला थोडा वेळ जास्त लागेल. एकाच्या जागी दोन दुखणी झाली. फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये आपल्या मॉडेलला दिली असेल तीच ठेवायची. ती गळती झाकायची जागा नाही. वाकवायचीच वेळ आली तर जीभ पकडीत धरून वाकवा. फ्लोट दाबून वाकवू नका. नीडलच्या मऊ टोकावर सीटचा गोल वण उमटतो आणि चांगली नीडल वाया जाते.

काळे कण कुठून येतात हे मी शेवटी टाकीच्या बाजूने शोधायला लागलो. फुग्याच्या अलीकडची आणि पलीकडची नळी सुरीने उभी चिरली. बाहेरून छान दिसणारी नळी आतून मऊ, चिकट. बोट फिरवलं तर काजळी लागावी तसा काळा थर बोटाला आला. जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटून त्याचे तुकडे पेट्रोलबरोबर पुढे येत होते. आमच्या मशीनला मध्ये जाळीचा फिल्टर होता, पण तो पंपाच्या आधी. त्याच्या पुढची चार इंचांची नळीही जुनीच होती, आणि कार्बोरेटरपर्यंत शेवटचा कण तीच पोचवत होती. मी कार्बोरेटर तीनदा धुतला, पण त्याच्या मागची नळी एकदाही पाहिली नव्हती.

इथेनॉलचा भाग यात मोठा आहे. आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांत उसापासून बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, आणि आता पंपावर २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल मिळतं. ऊस पिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर सोडवून आणतं, आणि हवेतलं पाणीही ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि नळीचं तोंड नेमकं तिथेच असतं. बोट पावसाळ्याच्या आधी काढायची आणि ऑक्टोबरनंतर ठेवून द्यायची, ही आपली रीत. मधले सात-आठ महिने टाकीत पेट्रोल तसंच राहतं. इथेनॉल सहन करणारी नळी वेगळी येते, तिच्यावर तसं छापलेलं असतं. दुकानात ‘पेट्रोलची नळी द्या’ एवढंच म्हणू नका, छाप वाचून घ्या. मी फुग्यासकट सगळी नळी बदलली, फिल्टर बदलला, टाकी रिकामी करून धुतली आणि फ्लोट पुन्हा मूळ उंचीवर आणला.

चार दिवस मशीन सोन्यासारखं चाललं. सकाळी.

पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता, घाटावर ऊन भाजत असताना, नळी जोडली आणि फुग्याला हात लावायच्या आत पेट्रोल तोंडातून बाहेर. आता मात्र मी कार्बोरेटरला हात लावला नाही. आदल्या दिवसापासून काय बदललं, एवढंच स्वतःला विचारलं. बदललं होतं फक्त ऊन. टाकीकडे पाहिलं तर प्लास्टिकच्या भिंती फुगलेल्या, झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद ठेवतात, ते बरोबरच आहे. पण उन्हात पेट्रोलची वाफ होते, टाकीत दाब चढतो, आणि नळी जोडल्याबरोबर तो दाब सगळाच्या सगळा नीडलवर येतो. स्क्रू हळूच सैल केला, दाब सूं करून बाहेर पडला, मग नळी जोडली. थेंबही नाही. मामांच्या ‘काल तर चालली की’चा अर्थ तेव्हा लागला. त्यांची फेरी नेहमी सकाळची असायची आणि माझी चाचणी दुपारची.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: टाकी सावलीत, आधी झाकणाचा स्क्रू सैल, मग नळी, मग फुगा. स्क्रू सोडताना जवळ विडी-सिगारेट नको.

फुगा दाबण्याबद्दलही सांगतो. बाण वरच्या बाजूला येईल असा फुगा उभा धरायचा, म्हणजे त्याच्या आतले व्हॉल्व्ह नीट काम करतात. कडक लागला की हात थांबवायचा. आमची पोरं दोन्ही हातांनी पिळायची, जणू उसाचा रस काढतायत. चांगली नीडलसुद्धा तेवढ्या जोराने उचलली जाते. आणि मशीन वर तिरपं केलेलं असताना फुगा अजिबात दाबू नका. आपल्याकडे काठाला गाळ असतो, पंखा अडकू नये म्हणून बोट लागता लागता मशीन उचलतात. तिरप्या मशीनमध्ये फ्लोट वाटीच्या कडेला टेकतो, त्याला वर जायला जागाच राहत नाही. पेट्रोल मग सरळ बाहेर. बोट पाण्यात नीट आली, मशीन उभं केलं, मगच फुगा.

माझ्या दोन्ही कारणांत तुमचं कारण नसेल, तर कार्बोरेटर उतरवून टेबलावर तपासा. नदीवर नको, तिथे पडलेला स्क्रू परत मिळत नाही.

कार्बोरेटर पूर्ण कोरडा करा. वाटी काढून उलटा धरा, म्हणजे फ्लोट स्वतःच्या वजनाने नीडल बंद करेल. पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नवी नळी लावून तोंडाने फुंका. हवा अजिबात जाऊ नये. तसाच धरून सुलटा करा, फ्लोट खाली पडला की हवा मोकळी गेली पाहिजे. हातपंप आणि दाबाचा काटा असेल तर ५ पीएसआय देऊन काटा खाली येतो का ते पाहा. सायकलच्या पंपाने करू नका, त्याचा दाब आवरत नाही.

हवा गळत असेल तर नीडल काढून भिंगाखाली टोक पाहा. गोल खाच दिसली तर ती गेली. सीटही पाहा. सीटला ओरखडा असेल तर नवी नीडल टाकून काही होत नाही. सुई किंवा तार घालून सीट साफ करणारे मी पाहिलेत, त्यानेच ओरखडा पडतो. कापसाची वात आणि पेट्रोल पुरतं. सीट स्क्रूची असेल तर तिच्याखालची वॉशर आहे ना, हे नक्की बघा. जुनी वॉशर सीटबरोबर निघून कचऱ्यात जाते आणि नवी किटच्या पुडीच्या कोपऱ्यात राहते. मग पेट्रोल नीडलला न जुमानता आट्यांमधून वाटीत येत राहतं, आणि नीडल बदलणारा बदलत राहतो. किटमधली नवी नीडल जुनीशेजारी ठेवून लांबी आणि टोकाचा उतार मिळवून पाहा. एकाच किटमध्ये दोन-तीन मॉडेलांचे भाग येतात.

नीडलला बारीक तारेची क्लिप असेल तर ती फ्लोटच्या जिभेवर कशी अडकते ते नीट पाहा. ती जिभेवरून मोकळी लोंबली पाहिजे. चुकीच्या भोकात अडकवली तर नीडल तिरपी बसते, कधी बंद होते, कधी नाही. असं दुखणं शोधायला सगळ्यात अवघड, कारण टेबलावर दहापैकी आठदा सगळं ठीक दिसतं. त्यामुळे फुंकून पाहायची चाचणी एकदा करून थांबू नका. फ्लोट हलवून आठ-दहा वेळा करा.

फ्लोट पितळी असेल तर पूर्ण वाळवून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला छिद्र आहे. गरम पाण्याच्या भांड्यात बुडवलं की छिद्रातून बुडबुडे येतात. फक्त गॅस बंद करून, भांडं बाहेर आणून करा. प्लास्टिकचा फ्लोट रात्रभर पेट्रोलमध्ये ठेवा. सकाळी खोल बुडालेला दिसला तर त्याने पेट्रोल पिलंय, तो बदला. वाटीचं नवं पॅकिंग थोडं आत सरकून फ्लोटला घासतंय का, हेही पाहा. वाटी लावायच्या आधी पॅकिंगवर बोटाने बारीक शाई लावली तर घासल्याची खूण फ्लोटवर उमटते. मला ही युक्ती एका जुन्या डिझेल पंपवाल्या मिस्त्रींनी शिकवली.

सगळं जोडून झाल्यावर मशीनवर बसवायच्या आधी शेवटची चाचणी. कार्बोरेटर शिकंजात सरळ धरा, खाली वर्तमानपत्र अंथरा, टाकी आणि फुगा जोडा, फुगा कडक करा, दहा मिनिटं थांबा. कागद कोरडा राहिला पाहिजे. फुगा मऊ पडला म्हणून लगेच नीडलवर आरोप करू नका. फुग्याचा स्वतःचा व्हॉल्व्ह टाकीकडे पेट्रोल परत सोडतो कधीकधी. नीडलचं काय ते कागद सांगेल. ही चाचणी मोकळ्या जागेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते, आणि बंद खोलीत दूरच्या ठिणगीनेही पेटते.

मशीन आधीच पेट्रोलने भरलं असेल तर दोरी ओढत बसू नका. टाकीची नळी काढा, किल-स्विचची दोरी काढा, दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनच्या लोखंडाला टेकवून बांधा, एक्सलेटर पूर्ण उघडा, चोक आत, आणि मग दहा-बारा वेळा दोरी ओढा. प्लगच्या भोकांतून पेट्रोल उडतं, समोर कुणाला उभं करू नका. टू-स्ट्रोकमध्ये जास्तीचं पेट्रोल क्रँककेसमधल्या बेअरिंगवरचं ऑइल धुऊन काढतं, म्हणून सुरू झाल्यावर लगेच पळवू नका, काही मिनिटं हळू चालवा. फोर-स्ट्रोकवाल्यांनी ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ते ऑइल बदलल्याशिवाय मशीन सुरू करू नये. सांडलेलं पेट्रोल फडक्याने टिपा आणि फडकं काठावर उन्हात दूर वाळवा. नदीचं पाणी खालच्या गावांत लोक वापरतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून आमचं मशीन रोज दोनदा सुरू करतोय, एकदा सकाळी, एकदा मुद्दाम दुपारी दोन वाजता, उन्हात. नवी नळी लावल्यानंतर पंधरा दिवसांनी फिल्टर उघडला. तळाशी टाकीतल्या जुन्या थराचे तीन-चार पिवळसर कण होते. काळा एकही नव्हता.